शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे

मैदानावर खेळतांना गुडघा फुटला किंवा चाकूनें बोट कापलें, तर आपण काय करतों? जखम धुतों, तीवर स्वच्छ फडकें दाबून धरतों आणि घरीं आल्यावर आईकडून हळद भरून घेतों. थोड्याच वेळांत रक्त थांबतें आणि सायंकाळपर्यंत आपण तें विसरूनहि जातों. परंतु जेथें बोट नव्हे, तर अख्खा पाय तुटला आहे, जेथें रक्त थेंबाथेंबानें नव्हे, तर कारंज्यासारखें उडत आहे, तेथें काय करावें? हा प्रश्न मनुष्यजातीला हजारों वर्षें छळीत आला आहे. ज्या एका पुरुषानें त्याचें उत्तर दयेनें आणि डोळसपणानें शोधलें, त्याचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

रक्त थांबविण्याचे उपाय आपल्या देशांत फार प्राचीन काळीं ठाऊक होते. सुश्रुतसंहितेंत त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. तुरट औषधांनीं जखम जुळवून आणणें, थंडाव्यानें रक्त गोठविणें, राखेचा उपयोग करणें आणि डाग देऊन शिरा आकसविणें, असे ते चार प्रकार होत. ह्यांपैकीं डाग देणें हा उपाय पहिले तीन थकल्यावर करावयाचा, असेंहि तेथें बजावलें आहे. युरोपांत मात्र सोळाव्या शतकापर्यंत हातपाय कापल्यावर लाल तापलेल्या लोखंडानें डागणें हाच रूढ मार्ग होऊन बसला होता. भूल देण्याची विद्या अस्तित्वांत नव्हती. ती १८४६ सालीं पुढें आली. तेव्हां रोग्याला आधीं करवतीचें दुःख आणि त्यावर अग्नीचें दुःख, अशीं दोन्हीं जागेपणींच सोसावीं लागत.

फ्रान्स देशाच्या पश्चिम भागांत लावाल नांवाचें एक शहर आहे. त्याच्या लगतच्या बूर-एर्साँ ह्या खेड्यांत १५१० च्या सुमारास आंब्रवाझ पारे ह्याचा जन्म झाला. घराणें साधें होतें. लॅटिन वा ग्रीक भाषेंत पारंगत होण्याचा योग त्याला आला नाहीं. आणि लॅटिन न जाणणाऱ्यास त्या काळीं विद्यापीठाचा दरवाजा बंद असे. वैद्यकी करणाऱ्यांचे त्या वेळीं पॅरिसमध्यें तीन थर होते. सर्वांत वर विद्यापीठाची पदवी घेतलेले वैद्य. ते लॅटिन ग्रंथ वाचीत, औषध लिहून देत, परंतु आपले हात रक्तानें भरवून घेणें त्यांस कमीपणाचें वाटे. त्यांच्या खालीं सँ-कोम नांवाच्या मंडळाचे शस्त्रवैद्य. सर्वांत खालीं न्हावी-शस्त्रवैद्य. हजामत करणें, शीर तोडून रक्त काढणें, गळूं फोडणें, मोडलेलें हाड बसविणें, हीं सारीं कामें ह्या शेवटच्या वर्गाचीं. आपल्याकडेहि खेड्यापाड्यांतून गळूं फोडावयाचें तर न्हाव्यास बोलावीत, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं घरच्या वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल. पारे हा ह्या तिसऱ्या थरांत वाढला.

तो तरुणपणीं पॅरिसला आला आणि ओतेल-द्यू ह्या तेथील जुन्या धर्मार्थ रुग्णालयांत तीन वर्षें राबला. रोगी पुष्कळ, खाटा थोड्या, आणि दुखणीं नाना प्रकारचीं. एका हिंवाळ्यांत थंडी इतकी कडक पडली कीं चार रोग्यांच्या नाकांचे शेंडे गोठून गेले आणि ते त्याला कापावे लागले. पुस्तकांतून जें त्याला मिळालें नाहीं, तें ह्या रुग्णालयानें त्याला शिकविलें. पाहाण्याची, स्पर्शानें ओळखण्याची आणि पाहिलेलें लक्षांत ठेवण्याची संवय त्याला तेथेंच जडली.

१५३७ च्या सुमारास फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा ह्याचें सैन्य आल्प्स पर्वत ओलांडून इटलींतील तुरिनकडे गेलें, आणि पारे त्या सैन्याबरोबर शस्त्रवैद्य म्हणून निघाला. बंदुकीच्या जखमा त्यानें तोंपर्यंत पाहिल्या नव्हत्या. बंदुकीच्या दारूमुळें जखम विषारी होते, म्हणून ती उकळत्या तेलानें डागावी, असें जोव्हान्नी दा व्हिगो नांवाच्या इटालियन शस्त्रवैद्याच्या ग्रंथांत सांगितलें होतें. इतर शस्त्रवैद्य तसेंच करीत होते. पारेनेंहि तसेंच केलें. परंतु एके दिवशीं जखमी इतके झाले कीं तेल संपलें. आतां काय करावें? हाताशीं होतें त्यांतून त्यानें अंड्याचा पिवळा बलक, गुलाबाचें तेल आणि टर्पेंटाइन एकत्र कालवून एक मलम केलें आणि उरलेल्या शिपायांच्या जखमांवर तेंच लावलें.

त्या रात्रीं त्याला झोंप आली नाहीं. ज्यांना आपण डागलें नाहीं, ते विष भिनून सकाळपर्यंत मरून पडतील, अशी भीति त्याच्या मनांत घर करून बसली. उजाडण्यापूर्वींच उठून तो जखमी लोकांत गेला. पाहातो तों काय! ज्यांना साधें मलम लावलें होतें, त्यांना वेदना थोड्या, जखमेस सूज नाहीं, आणि त्यांची रात्रहि बरी गेलेली. ज्यांच्या जखमांत उकळतें तेल ओतलें होतें, ते मात्र तापानें फणफणलेले, सुजलेले आणि कण्हत असलेले. दोन रांगा त्याच्यासमोर होत्या, आणि दोहोंतील भेद कोणाहि पाहाणाऱ्यास दिसण्यासारखा होता. बंदुकीनें जखमी झालेल्या बिचाऱ्यांना पुन्हां अशा रीतीनें जाळावयाचें नाहीं, असा निश्चय त्यानें त्याच पहांटे केला.

आमच्या मतें पारेच्या आयुष्यांतील अत्यंत मोठा क्षण हाच होय. तेल संपणें हा केवळ योगायोग होता. त्या दिवशीं दुसऱ्या कोणाचेंहि तेल संपलें असतें, तर त्यानें दुसऱ्या दिवशीं तें मागवून घेतलें असतें. पारेनें मात्र आपल्या भीतीपेक्षां आणि मान्य ग्रंथापेक्षां डोळ्यांसमोरच्या रोग्यांवर अधिक विश्वास ठेवला.

ही तुलना करून पाहाण्याची रीत त्यानें पुढेंहि सोडली नाहीं. एकदां सैन्याच्या मुदपाकखान्यांतील एक पोरगा उकळत्या तेलाच्या कढईंत पडून भाजला. औषध आणावयास गेलेल्या पारेला एका खेडवळ म्हातारीनें सांगितलें कीं, कच्चा कांदा मीठ घालून ठेंचून लावावा. एखादा गर्विष्ठ मनुष्य हंसून पुढें गेला असता. पारेनें भाजलेल्या अंगाच्या कांहीं भागास कांदा लावला आणि उरलेल्या भागास नेहमींचें औषध लावलें. दुसऱ्या दिवशीं कांद्याच्या जागीं फोड नव्हते, इतरत्र होते. पुढें एका जर्मन शिपायाचा चेहरा दारूनें भाजला, तेव्हां त्यानें चेहऱ्याच्या एका बाजूस कांदा आणि दुसऱ्या बाजूस इतर औषध लावून हाच प्रयोग पुन्हां करून पाहिला. आज भाजलेल्यावर कांदा लावावा, असें आम्ही मुळींच सांगत नाहीं; भाजलेल्या जागेवर थंड पाणी वाहूं द्यावें आणि डॉक्टरांकडे जावें. परंतु अडाणी समजल्या जाणाऱ्या म्हातारीचें म्हणणें ऐकून घेण्याची नम्रता आणि तें तपासून पाहाण्याची चिकाटी, हे दोन्ही गुण एकाच माणसांत क्वचित् आढळतात.

तुरिनमध्यें एक नामांकित शस्त्रवैद्य होता. बंदुकीच्या जखमांवर त्याच्याजवळ एक गुप्त तेल होतें. त्याची कृति मिळावी म्हणून पारेनें दोन वर्षें त्याची मनधरणी केली. अखेर कृति मिळाली. कुत्र्याचीं नुकतीं जन्मलेलीं पिलें कमळिणीसारख्या एका फुलाच्या तेलांत उकळून, त्यांत गांडुळें आणि टर्पेंटाइन घालावयाचें, अशी ती विलक्षण कृति होती! आज आपणांस ती वाचून हंसूंहि येतें आणि कींवहि येते. पण पारेनें तींतून एक गोष्ट उचलली, ती ही कीं तो गृहस्थहि जखम जाळीत नव्हता, तर तिला शांत करीत होता. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, विद्या अशी दडवून ठेवावयाची नसते. १५४५ सालीं त्यानें बंदुकीच्या जखमांवर आपलें पहिलें पुस्तक छापलें; तेंहि लॅटिनमध्यें नव्हे, तर कोणाहि न्हावी-शस्त्रवैद्यास वाचतां येईल अशा आपल्या फ्रेंच मातृभाषेंत.

त्याची बुद्धि किती व्यवहारी होती, हें दाखविणारी एक गोष्ट पर्पिन्याँच्या वेढ्यांतील आहे. १५४२ सालीं तेथें मार्शल ब्रिसाक ह्याच्या खांद्यांत गोळी शिरली. इतर शस्त्रवैद्यांना ती सांपडेना. पारेनें त्याला गोळी लागतांना तो जसा उभा होता तसाच उभा राहावयास सांगितलें. मग अंग चांचपून पाहतां गोळीचा ठावठिकाणा लागला!

गोळीच्या जखमांतून उकळतें तेल गेलें, तरी कापलेल्या पायावरचा तापलेला लोखंडी डाग राहिलाच होता. तोहि जाण्याचा दिवस १५५२ सालीं आला. दाँव्हिलिये नांवाच्या किल्ल्यास फ्रेंच सैन्यानें वेढा घातला असतां तोफेचा एक गोळा एका सरदाराच्या तंबूंत शिरला आणि त्याच्या पदरच्या एका गृहस्थाचा पाय त्यानें फोडला. पाय कापल्यावांचून गत्यंतर नव्हतें. ह्या वेळीं पारेनें लोखंड तापविलें नाहीं. कावळ्याच्या चोंचीसारख्या एका चिमट्यानें त्यानें रक्तवाहिन्यांचीं उघडीं तोंडें एकेक करून ओढून धरलीं आणि दोऱ्यानें घट्ट बांधून टाकलीं. रक्त थांबलें, गृहस्थ वांचला आणि लांकडी पाय लावून आनंदानें घरीं गेला. आपल्याला जाळलें नाहीं, ह्याचेंच त्याला अधिक समाधान वाटत होतें.

रक्तवाहिनी बांधण्याची कल्पना सर्वस्वी नवीन नव्हती. ग्रीक व रोमन काळांतील वैद्यांनीं ती सांगितली होती आणि पारेनेंहि त्या प्राचीनांचें ऋण मोकळेपणानें मान्य केलें. परंतु हातपाय कापतांना ती वापरून दाखविणें आणि इतरांस शिकविणें, हें त्याचें कार्य होय. १५६४ सालच्या आपल्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथांत त्यानें ही रीत सविस्तर वर्णन करून सांगितली आणि पूर्वीं आपण स्वतःच डाग देत होतों, ह्याबद्दल खेदहि व्यक्त केला.

शिपायांचें त्याच्यावर किती प्रेम होतें, हें मेत्झच्या वेढ्यांत दिसून आलें. १५५२ च्या अखेरीस सम्राट पांचवा चार्ल्स ह्यानें त्या शहरास गराडा घातला होता. आंतील जखमी लोक मरत होते. राजानें पारेला तिकडे पाठविलें. शत्रुसैन्यांतील एका इटालियन कप्तानास पैसे चारून तो मध्यरात्रीं शहरांत शिरला. तो आला हें कळतांच शिपायांना इतका हर्ष झाला कीं, आतां जखमी झालों तरी मरणार नाहीं, असें ते समजूं लागले. पुढल्याच वर्षीं, १५५३ सालीं, एदँ येथें तो शत्रूच्या हातीं लागला. तेथेंहि त्याची विद्याच त्याला उपयोगी पडली. शत्रुपक्षाच्या एका अंमलदाराच्या पायावर बरीच वर्षें न भरलेला व्रण होता. तो पारेनें बरा केला, आणि खंडणी न घेतां त्याची सुटका झाली. आपला व परका असा भेद त्याच्या मलमपट्टीला ठाऊक नव्हता.

दुसरा आंरी, दुसरा फ्रान्स्वा, नववा शार्ल आणि तिसरा आंरी अशा चार राजांची त्यानें सेवा केली. १५५४ सालीं लॅटिन येत नसतांहि सँ-कोमच्या मंडळानें त्याला आपल्यांत घेतलें. परंतु राजवैद्याच्या नशिबीं यशच यश असतें, असें कोणीं समजूं नये. १५५९ च्या जून महिन्याच्या अखेरीस पॅरिसमध्यें भाल्यांचे खेळ चालले असतां प्रतिस्पर्ध्याच्या मोडक्या भाल्याची कपची राजा दुसरा आंरी ह्याच्या डोळ्याजवळून आंत घुसली. पारे हजर होता. शरीरशास्त्राचा महापंडित व्हेसालियस हाहि ब्रसेल्सहून धांवत आला. तथापि १० जुलै रोजीं राजा मरण पावला. पुढें १५७२ च्या ऑगस्टांत सेनापति कोलिन्यी ह्याच्यावर कोणी गोळी झाडली. पारेनें त्याचें तुटलेलें बोट कापून हाताची जखम बांधली. परंतु दोनच दिवसांनीं, सेंट बार्थोलोम्यूच्या त्या भयंकर कत्तलींत, तो रोगी मारला गेला. शस्त्रवैद्यानें बांधावें आणि माणसांच्या द्वेषानें पुन्हां फोडावें, असा तो काळ होता.

रोग्याचें दुःख काय असतें, हेंहि त्यानें अनुभवलें. १५६१ सालीं घोड्याची लाथ बसून त्याच्या डाव्या पायाचीं दोन्हीं हाडें मोडलीं आणि कातडी फाडून बाहेर आलीं. अशा वेळीं बहुधा पाय कापीत. पारेनें स्वतःच सूचना देऊन जखम मोठी करविली, हाडें बसवून घेतलीं आणि धीरानें पडून राहिला. पाय वांचला. ज्यांचे हातपाय वांचूं शकले नाहींत, त्यांच्यासाठीं त्यानें पॅरिसमधील एका कुशल कारागिराकडून स्प्रिंगा व दांते बसविलेले कृत्रिम हात आणि गुडघ्यांत वांकणारे पाय तयार करविले आणि त्यांचीं चित्रें आपल्या ग्रंथांत छापलीं.

ढोंगी औषधांचा तो शत्रु होता. ईजिप्तमधील प्राचीन प्रेतांची भुकटी त्या काळीं मुक्या मारावर देत असत, आणि काल्पनिक एकशिंगी प्राण्याचें शिंग विषावर देत. १५८२ सालीं ह्या दोहोंवर पुस्तक लिहून त्यानें तीं निरुपयोगी असल्याचें सांगितलें. राजा शार्लजवळ बेझोआर नांवाचा एक खडा होता. तो सर्व विषांवर उतारा आहे, असें म्हणत. पारेनें तें मानलें नाहीं. तेव्हां चांदीच्या थाळ्या चोरल्याबद्दल फांशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्यास, वांचल्यास सोडून देण्याच्या अटीवर, विष आणि मग तो खडा देण्यांत आला. बिचारा कांहीं तासांनीं तडफडून मेला. खडा खोटा ठरला. पण अशी परीक्षा आज कोणताहि सज्जन वैद्य करणार नाहीं, आणि पारे त्यांत सामील होता हें लपवावें, असेंहि आम्हांस वाटत नाहीं. थोर पुरुषहि आपल्या काळाचा मनुष्य असतो.

१५७५ सालीं त्याचे सर्व लेख एका मोठ्या ग्रंथांत छापले गेले, तेव्हां पॅरिसच्या वैद्यकी विद्यापीठानें हरकत घेतली. न्हाव्यानें वैद्यकीवर लिहावें, आणि तेंहि फ्रेंचमध्यें, हें त्या पंडितांस सहन झालें नाहीं. गुर्मलाँ नांवाच्या त्यांच्यापैकीं एकानें रक्तवाहिन्या बांधण्याच्या रीतीवरहि टीका केली. पारे तेव्हां म्हातारा झाला होता. पण १५८५ सालीं त्यानें आपल्या सर्व मोहिमांची हकीकत सांगून त्या टीकेस उत्तर दिलें. खोलींत बसून ग्रंथ वाचलेल्यानें रणांगणांत हात चालविलेल्यास काय शिकवावें, असा त्याचा एकंदर आशय होता.

तरीहि त्याची रीत लगेच सर्वत्र रूढ झाली नाहीं, आणि त्याला केवळ हट्ट हेंच कारण नव्हतें. मांडी कापल्यावर अनेक रक्तवाहिन्या एकदम उसळतात. तितक्या बांधीपर्यंत रोगी दगावे. १७१८ सालीं झाँ-लुई पेती ह्यानें स्क्रूचा दाबपट्टा काढला, तेव्हां बांधावयास अवकाश मिळूं लागला. दोऱ्याबरोबर जखमेंत जाणारी घाण ही दुसरी अडचण होती. ती एकोणिसाव्या शतकांत लिस्टरनें जंतुनाशकांनीं दूर केली.

आज तर शस्त्रवैद्य प्रत्यक्ष हृदय उघडतात. त्या वेळीं रक्त यंत्रांतून फिरवावें लागतें, आणि तें यंत्रांत गोठूं नये म्हणून औषध द्यावें लागतें. त्यामुळें शस्त्रक्रियेनंतर बारीक बारीक जागांतून रक्त झिरपत राहातें. तेथें दोरा चालत नाहीं. जपानांतील उताको व शोसुके ओकामोतो ह्या दांपत्यानें १९६२ सालीं जगापुढें आणलेलें ट्रॅनेक्झॅमिक आम्ल तेथें उपयोगी पडतें. धरलेली गांठ विरघळूं न देणें हें त्याचें काम. तें शिरेंतून देतात. परंतु मोठ्या मात्रेंत त्यानें क्वचित् झटके येतात. म्हणून छाती शिवण्यापूर्वीं तें हृदयाभोंवतींच ओतावें, असा विचार पुढें आला. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तीन हजारांहून अधिक रोग्यांवर दोन्ही रीती ताडून पाहिल्या. ओतलेल्यांत झटके कमी दिसले, पण तो फरक निर्णायक नव्हता. उलट बाहेरून रक्त द्यावें लागलेले रोगी त्यांच्यांतच अधिक निघाले. सौम्य दिसणारा उपाय प्रत्येक वेळीं सरस ठरतोच असें नाहीं, म्हणूनच तपासावें लागतें. तुरिनच्या त्या पहांटे पारे दोन रांगांमधून फिरला, तीच ही रीत, अधिक शिस्तीनें चाललेली.

पारेचें शेवटचें वर्ष कष्टाचें गेलें. १५९० सालीं पॅरिसला वेढा पडला आणि लोक उपासमारीनें मरूं लागले. ऐंशीं वर्षांचा हा वृद्ध रस्त्यांत लियोंच्या आर्चबिशपास गांठून, गोरगरिबांच्या प्राणांसाठीं तह करावा, अशी विनवणी करता झाला. वेढा ऑगस्टच्या अखेरीस उठला. त्याच वर्षीं २० डिसेंबर रोजीं पारेनें पॅरिसमध्यें देह ठेवला. रोगी बरा झाला म्हणजे त्याचें श्रेय तो कधीं स्वतःकडे घेत नसे. आपण फक्त पट्टी बांधली, बरें करणारा ईश्वर, अशी त्याची श्रद्धा होती.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें डॉक्टर होईल, कोणी शेतकरी, कोणी शिक्षक. धंदा कोणताहि असो, एखादी रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे एवढ्यावरून तिनें कोणास दुःख देऊं नये. आणि नवी रीत सांपडली तर ती तपासून, आपल्या बोलीभाषेंत, सर्वांस सांगावी. पालकांसहि आमची एक विनंति आहे. ज्या मुलाला इंग्रजी लवकर साधत नाहीं, त्याला मंदबुद्धि समजूं नका. चार राजांचा शस्त्रवैद्य लॅटिन न येणारा एक न्हावी होता, एवढें स्मरणांत असूं द्या.